बाहेरचं चालत नाही

सिद्धेश्वरीने शांपूच्या बाटलीचं झाकण फिरवून बाटली नाकाशी धरली. शांपूच होता. तरी तिने एक थेंब बोटावर घेऊन चोळून पाहिला, फेस आला, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. खोबरेल तेलाची बाटली तिने खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, हुंगली. तिसरी बाटली गुळण्या करायच्या निळ्या औषधाची होती. ती उघडताच नाकात काहीतरी तिखट शिरलं आणि तिच्या छातीत धस्स झालं. तिने जिभेवर थेंब टेकवला. पुदिना होता. नुसता पुदिना, पण डोळ्यांत पाणी आलं.

"अक्का, पीठ मळू का?" स्वयंपाकघरातून कामाला असलेल्या रत्नम्माने विचारलं.

"मळ की. रोज काय इचारतीस?"

पलंगावर नवऱ्याची, अनिलकुमारची, निळी बॅग उघडी पडली होती. तिने शर्टांच्या घड्या उलगडून पुन्हा घातल्या, मोज्यांचे गोळे दाबून पाहिले, बुटांत हात घातला. या कामात ती तरबेज होती. चोवीस वर्षांच्या संसारात तिने मोटारपंपाच्या खोक्यातून, तांदळाच्या कोठीतून, एकदा तर तुळशीच्या कुंडीमागून बाटल्या काढल्या होत्या. शांपूत आणि तेलात बघावं हे मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. ते तिला कंपनीच्या कागदाने शिकवलं.

तो कागद तिच्या फोनवर होता आणि गेल्या आठ दिवसांत तिने तो इतक्या वेळा वाचला होता की आता पाठ झाला होता. पाइप तयार करणाऱ्या एका कंपनीने अनिलकुमारला आणि या भागातल्या आणखी पंचेचाळीस दुकानदारांना सहलीला न्यायचं ठरवलं होतं. सोलापूरच्या सात रस्ता चौकातून बसने मुंबई, आणि मुंबईहून जहाजाने समुद्रात तीन दिवस. बायकांना आमंत्रण नव्हतं. कंपनीच्या शिवानंदने प्रत्येकाला नियमांचं एक मराठी पान पाठवलं होतं. चाकू, कात्री, इस्त्री, फटाके आणि कोणत्याही प्रकारचे मद्य जहाजावर आणू नये. सामानाची यंत्राने तपासणी होईल. पाणी, तेल, शांपू, माउथवॉश यांच्या बाटल्यांतून लपवून आणलेले मद्य जप्त करण्यात येईल.

सिद्धेश्वरीचा लेखी गोष्टींवर फार विश्वास. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिची खानावळ होती. सासूच्या नावाने, चन्नम्मा खानावळ. तिथे पाच टेबलं होती आणि बोर्ड सात. पानात टाकू नये. मोठ्याने बोलू नये. पंख्याचं बटण मालकिणीला विचारून दाबावं. बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत. गिऱ्हाइकं हसायची, पण पाळायची, कारण तिच्या हातची शेंगाचटणी आणि कागदासारखी पातळ कडक भाकरी सोडून जायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे चाकूच्या आणि फटाक्यांच्या पंगतीत बसवलेली दारू तिने कागदावर पाहिली आणि तिच्या मनावरचं मणाचं ओझं उतरलं. एवढ्या कडक शिस्तीच्या ठिकाणी नवरा तीन दिवस राहणार असेल तर घरापेक्षा बरंच म्हणायचं. अनिलकुमारने भीतभीत फोन तिच्यापुढे धरला होता. तिने तो वाचला आणि परत देत म्हटलं होतं, "मग जावा की."

तो काही क्षण तिच्याकडे बघत राहिला होता. मग चपला घालून दुकानात निघून गेला होता.

तो असा बघत राहिला याचं तिला तेव्हा काही वाटलं नाही. कारण याआधीची सहल दोघांनाही विसरता येण्यासारखी नव्हती. गोव्याची. तिसऱ्या दिवशी चार दुकानदारांनी अनिलकुमारला हातापायांना धरून गाडीत घातलं आणि थेट सोलापूरच्या दवाखान्यात आणून टाकलं. एकोणीस दिवस तो तिथे होता. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं की यापुढे घेतली तर माणूस वाचणार नाही, एका वेळेलासुद्धा नाही. त्याला चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत थेंब नाही.

तो थेंब घेत नाही हे ती कशावरून ओळखायची? देवळीवरून. मधल्या खोलीच्या भिंतीत देवाची देवळी होती, तिला दोन लाकडी दारं, आणि डाव्या दाराच्या आतल्या बाजूला एक खुंटी. पिण्याच्या दिवसांत अनिलकुमार घरातून निघायच्या आधी गळ्यातलं इष्टलिंग, चांदीच्या डबीसकट, दोऱ्यासकट काढून त्या खुंटीला अडकवायचा. पिऊन लिंग अंगावर ठेवायचं नाही, एवढी एक लाज त्याने शेवटपर्यंत सोडली नव्हती. दिवा लावायला तिने दार उघडलं आणि खुंटीवर डबी दिसली की संध्याकाळ कशी जाणार ते तिला कळायचं. चौदा महिने ती रोज दार उघडून आधी खुंटी बघत होती, मग देव.

तिने बॅगेची चेन ओढली, कडक भाकऱ्यांचं पुडकं आणि चटणीचा डबा वर ठेवला आणि ती खानावळीत गेली. आज मन हलकं होतं. बॅग स्वच्छ होती.

दुपारी एकच्या सुमाराला पाचही टेबलं भरली. रत्नम्मा आत भाकरी थापत होती आणि सिद्धेश्वरी वाढत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर शिवपुत्र बसला होता. अक्कलकोटहून रोज नोकरीला येणारा, मोजणी खात्यातला कारकून, तोंडाने बडबड्या. त्याने पिशवीतून हळूच एक तेलकट पुडी काढली आणि ताटाच्या कडेला उघडली. मिरचीभजी.

"ओ शिवपुत्र," ती वाढता वाढता थांबली, "बाहेरचं हितं चालत न्हाई. डोक्यावर बोर्ड हाय, बगा."

"का वो अक्का? भजी म्हंजी काय इख हाय का?"

"तसं न्हाई."

"तुमी सोता भजी करताव की हितं. ताटात काल दिली की मला दोन."

"करतो की," सिद्धेश्वरी म्हणाली. "म्हनूनच तर आनायची न्हाईत."

सगळे हसले. शिवपुत्रने कान पकडले आणि पुडी पिशवीत कोंबली. सिद्धेश्वरीही हसली, पालेभाजीच्या गरगट्ट्याची पळी भरून तिने पुढच्या ताटावर नेली, आणि ती पळी तशीच ताटावर थांबली.

म्हनूनच तर आनायची न्हाईत.

"अक्का, सांडलालंय," समोरचा माणूस म्हणाला.

तिने पळी खाली केली. भिंतीवरच्या बोर्डाकडे तिने मान वर करून पाहिलं. तिनेच सांगून रंगवून घेतलेला, निळ्यावर पांढरी अक्षरं. आणू नयेत. कागदावरही तेच होतं. आणू नये. भजी वाईट असतात म्हणून तिने तो बोर्ड लावला नव्हता. आत भजी होती म्हणून लावला होता.

ती पातेलं टेबलावरच ठेवून आत आली आणि तिने शिवानंदला फोन लावला. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"शिवानंद, त्या जहाजावर बार हाय का वो?"

"एक न्हाई वैनी, पाच हायत!" तो खुशीत हसला. पलीकडे गाड्यांचा गोंगाट होता. "आनि सगळं कंपनीकडनं. कायबी घ्या, कवाबी घ्या. शेटना सांगा, घरनं काय न्हेऊ नका, तपासनीत काडून घेतात. तितं धा पट हाय."

"बरं," ती म्हणाली.

"काय काळजी करू नका. यावेळी आमी हाय की."

गोव्यालाही तो होता. तिने फोन ठेवला.

रत्नम्मा भाकरी थापता थापता थांबून तिच्याकडे बघत होती. "येन आतु, अक्का?" काय झालं, असं तिने कानडीत विचारलं.

"काय न्हाई. तू तव्याकडं बग."

आठ दिवस ती ज्या कागदाच्या जिवावर निवांत झोपली होती त्या कागदात तिचा नवरा नव्हताच, तिचा धंदा होता. जहाजवाल्यांनी त्यांच्या खानावळीत बोर्ड लावला होता, एवढंच. तिला हसू यायला हवं होतं. पण डॉक्टरांचा तो शांत आवाज कानात येत होता.

शेवटचं ताट उठल्यावर ती मधल्या खोलीत गेली. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात अनिलकुमारचं आधार कार्ड होतं. ओळखपत्राशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येणार नाही, हेही कागदात लिहिलं होतं आणि हा नियम तरी सरळ होता. तिने कार्ड काढलं. स्वयंपाकघरात आली. रत्नम्मा धुण्याला मागे गेली होती. ज्वारीच्या पिठाचा मोठा पत्र्याचा डबा तिने उघडला आणि कार्ड हाताने खोल, तळापर्यंत खुपसून दिलं. वरचं पीठ सारखं केलं. मग हात झटकले. अनिलकुमारच्या बाटल्या शोधण्यात आयुष्य गेलेली बाई आज पहिल्यांदा स्वतः काहीतरी लपवत होती, आणि तिला ते जमलं.

चार वाजता तो आला. त्याने अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. चौदा महिन्यांत त्याच्या अंगावर मांस आलं होतं. शर्टाची बटणं लावत तो पलंगापाशी आला, बॅग उघडली आणि थांबला. शांपूची बाटली आडवी पडली होती आणि वरच्या शर्टाच्या बाहीवर हिरवट ओघळ आला होता.

त्याने बाटली उचलली. झाकण अर्धवट होतं. त्याने तेलाची बाटली पाहिली, मग निळी.

"झाकन नीट लावायचं ऱ्हायलं तुझं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

सिद्धेश्वरी दारात उभी होती. एरवी तिने बाजू लढवली असती.

"जहाजावर बार हाय," ती म्हणाली.

"हाय की."

"तुमाला ठाऊक हुतं?"

"सगळ्यास्नी ठाऊक असतंय ते. जहाज म्हंजी..." बाहीवरचा शांपू पुसणारा त्याचा हात थांबला. त्याने वळून तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला ठाऊक न्हवतं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग तू जावा कशी म्हनलीस?"

"लिवलंय की तितं. आनू नये म्हनून."

अनिलकुमार हळूच पलंगाच्या कडेवर बसला. शांपूची बाटली त्याच्या हातातच होती. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"मला वाटलं तुला सगळं ठाऊक हाय," तो म्हणाला. "ठाऊक हाय, आनि तरी तू जावा म्हनलीस."

"अवो..."

"त्या दिवशी दुकानात गेलो न्हवं का मी, तवा शटर अर्धं वढलं आनि रडलो. पाइपांच्या मागं बसून. म्हनलं, चौदा म्हयनं झालं, आज पहिल्यांदा हिनं मला न तपासता सोडलं." तो किंचित हसला. "आट दिवस मी त्याच्यावरच चाललो हुतो. तू कागदाला सोडलं हुतंस व्हय. मला न्हवं."

आपण चुकलो असं तिला वाटलं नाही. कुणाला वाटलं असतं? एकोणीस दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर तिने काढले होते. पण तो पाइपांच्या मागे बसून रडला होता, आणि ते तिला माहीत नव्हतं, याचं तिला फार वाईट वाटलं.

"जायलाच पायजे का?" तिने विचारलं.

"गोव्यात मला उचलून गाडीत घातला, तवा मी सुदीवर हुतो. तुला सांगितलं न्हाई कवा. माजी एक चप्पल पडली हुती. माड्याचा तो युवराज हाय न्हवं, त्यो ती हातात धरून मागनं चालत हुता, आनि सगळे दोनी बाजूला हुबं राहून बगत हुते. ते पंचेचाळीस तेच हायत, सिद्धे. मला त्यांच्या म्होरून एकदा सोताच्या पायानं उतरायचं हाय."

"आनि घेतली तर?"

तिला वाटलं तो शपथ घेईल. शपथा त्याने पूर्वी पुष्कळ घेतल्या होत्या.

"आज घ्यावी असं वाटत न्हाई," तो म्हणाला. "उद्याचं मी कसं सांगू?"

त्याचा फोन वाजला. शिवानंद. बस लागली आहे, शेट, या. त्याने बरं म्हटलं, उठला आणि बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला. प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. उघडलं. पुन्हा कप्प्यात हात घातला, मग हळूहळू हात बाहेर काढला. त्याने पलंगाखाली पाहिलं नाही, उशी उचलली नाही. कुठे शोधायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि शोधायचंही नव्हतं.

"तू नको म्हन," तो म्हणाला. "एकदा तोंडानं नको म्हन, मी ही बॅग रिकामी करतो. पर कार्ड घावलं न्हाई म्हनून मी घरात बसनार न्हाई."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच व्हायला आले होते. नको हा शब्द तिच्या जिभेवर होता. केवढा लहान शब्द. तो उच्चारला की आजची रात्र झोप लागणार होती, उद्याची, परवाचीही. त्यानंतरच्या रात्रींचं काय ते तिला दिसेना. दुकानात बसलेला, घरात बसलेला, रस्त्यावर त्या पंचेचाळिसांपैकी कुणी दिसलं की मान खाली घालणारा अनिलकुमार दिसत होता, आणि त्याची बॅग, त्याचे खिसे, त्याच्या बाटल्या हुंगत बसलेली ती.

ती वळून स्वयंपाकघरात गेली. रत्नम्मा संध्याकाळच्या पिठासाठी डब्यापाशी बसायच्या बेतात होती. सिद्धेश्वरीने तिला हाताने बाजूला केलं, झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात पिठात घातला. रत्नम्मा डोळे मोठे करून बघत राहिली. कार्ड आधी सापडेना. ते बोटांना लागलं तेव्हा सिद्धेश्वरीने ते घट्ट धरलं आणि क्षणभर तिचा हात तसाच आत राहिला. मग तिने तो वर काढला.

अनिलकुमारने पिठाने माखलेलं कार्ड हातात घेतलं. त्याने त्यावर फुंकर मारली. त्याचा फोटो पांढरा झाला होता. तो अंगठ्याने पुसत त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या कोपरापर्यंतच्या पांढऱ्या हाताकडे पाहिलं, आणि कार्ड खिशात ठेवलं.

"देवाला हात जोडून येतो," तो शेवटी म्हणाला.

तो देवळीकडे वळला तशी ती खोलीबाहेर आली. मागे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. ती पडवीत उभी राहिली, कान मात्र तिने आतच ठेवले होते. देवळीची दारं करकरली. बराच वेळ काही नाही. मग लाकडावर काहीतरी टेकवल्याचा आवाज झाला. टक. चांदीची डबी खुंटीवर अडकवली की दारावर आपटून असाच आवाज व्हायचा. किती वर्षं तिने तो ऐकला होता. पुन्हा एकदा तसाच आवाज झाला. आता आत जाऊन दार उघडावं, त्याच्या देखत बघावं, आणि मग ओरडावं, बस निघून जाईपर्यंत ओरडत राहावं.

तिने पदर मुठीत धरला आणि ती जागेवरून हलली नाही.

अनिलकुमार बाहेर आला. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा त्याने लावलं होतं, त्यामुळे दोरा आहे की नाही ते दिसत नव्हतं. कपाळावर ताज्या भस्माची बोटं होती. बॅग उचलताना त्याने वरचा चटणीचा डबा पाहिला.

"ह्ये बी काडून घेतात काय की तितं."

"बाहेरचं चालत न्हाई," ती म्हणाली. "बसमदीच खावा."

त्याच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, ते पूर्ण आलं नाही. त्याने चपला घातल्या. नव्या होत्या, मागून पट्टा असलेल्या.

"येतो."

"या," ती म्हणाली.

तो गल्लीच्या तोंडापर्यंत सरळ चालत गेला. कोपऱ्यावर त्याने मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने सात रस्त्याच्या बाजूने मोठ्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, मग तोही नेहमीच्या गोंगाटात मिसळून गेला.

त्यानंतर तिने पुष्कळ कामं काढली. टेबलं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. शेंगदाणे भाजले. मिठाच्या बरण्या भरल्या. रत्नम्माने दोनदा, अक्का, बसा की जरा, म्हटलं, तेव्हा तिच्यावर खेकसली. बस आता मोहोळला पोचली असेल, आता टेंभुर्णीला. फोन करून थांबवता येण्याजोगं अंतर हळूहळू संपत होतं. मधल्या खोलीकडे ती फिरकली नाही.

पण दिवेलागण झाली. दिवा लावायचा म्हणजे दारं उघडायलाच हवीत. हे काम रत्नम्मावर टाकता आलं असतं, तसं तिच्या मनात येऊनही गेलं. तिने हातपाय धुतले, वातीला तेल लावलं आणि ती देवळीसमोर उभी राहिली. काडीपेटी हातात. मग तिने दोन्ही दारं एकदमच ओढली.

आत, बसवण्णांच्या तसबिरीपुढे, रांगेत तीन बाटल्या उभ्या होत्या. शांपूची, खोबरेल तेलाची, गुळण्यांच्या औषधाची. तिन्हींची झाकणं घट्ट लावलेली. तिन्हींवर त्याने भस्माची तीन-तीन बोटं ओढली होती, आणि निळ्या बाटलीवरची बोटं फार ठसठशीत उठली होती.

सिद्धेश्वरी बघत राहिली. तिला आधी हसू आलं, मोठ्याने, इतकं की स्वयंपाकघरातून रत्नम्माने काय झालं म्हणून विचारलं. मग त्याच हसण्यात तिला रडू आलं आणि ती भिंतीला टेकून, काडीपेटी हातात तशीच धरून रडली. बाई, हुंगून झालं असेल तर इथे ठेवतो, असंच म्हणत होता तो. लाज वाटली तिला. राग आला. आणि हा माणूस तीन दिवस डोक्याला काय लावणार, तोंड कशाने धुणार, असा एक साधा प्रश्नही पडला.

तिने डोळे पुसले. बाटल्या तिने हलवल्या नाहीत. त्यांच्यामधून वाट काढून तिने समई पुढे ओढली, दिवा लावला, हात जोडले आणि दारं लोटून घेतली.

खानावळीत रात्रीची गिऱ्हाइकं यायला लागली होती. रत्नम्मा वाढत होती म्हणून भाकरीला तीच बसली. पिठात पाणी घातलं, गोळा केला, पहिली भाकरी थापून तव्यावर टाकली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की खुंटीकडे बघायचं राहूनच गेलं.

तिचे हात थांबले. मधल्या खोलीचं दार इथून चार पावलांवर होतं. देवळीच्या दारांच्या फटीतून दिव्याचा पिवळा उजेड भिंतीवर पडलेला दिसत होता. तव्यावरची भाकरी एका बाजूने फुगू लागली.

सिद्धेश्वरीने ती उलटली आणि दुसरा गोळा हातात घेतला.